आगरकरांचा दमा आणि आजचा इनहेलर

‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी पुण्यात वारले, तेव्हा त्यांना वयाची ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दम्याने त्यांना अनेक वर्षे छळले होते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी होती. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, असे दिवस त्यांनी काढल्याचे सांगितले जाते. एम. ए. होऊनही त्यांनी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरली नाही. ते शिक्षक झाले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे मतभेद झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. शिकवणे, लिहिणे, संस्थेचा कारभार हे सगळे दम्याला सोबत घेऊनच चालले होते.

त्यांची जिद्द कमी पडली नाही. कमी पडले ते त्या काळचे वैद्यक. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज राहते. धूळ, धूर, थंड हवा किंवा सर्दीचे निमित्त होताच त्या आवळतात, छातीत घरघर होते आणि रात्री-पहाटे त्रास वाढतो. एकोणिसाव्या शतकात त्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढणे, कडक कॉफी पिणे असे उपाय होते. त्यांनी थोडा वेळ आराम पडे, मूळ सूज तशीच राही. दाबून फवारा घेण्याचा इनहेलर १९५६ मध्ये आला, तर सूज कमी करणारे स्टेरॉइड इनहेलरमधून १९७०च्या दशकात मिळू लागले. आगरकरांना हे काहीच लाभले नाही.

आज जळगाव-धुळ्यात दमेकऱ्याची परीक्षा पाहणाऱ्या गोष्टी कमी नाहीत: जिनिंगमधली कापसाची धूळ, उन्हाळ्यातली वावटळ, शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा आणि चुलीचा धूर. पण उपायही हाताशी आहेत. इनहेलरची सवय लागते, ही भीती निराधार आहे. औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने त्याची मात्रा गोळीपेक्षा फार कमी लागते. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता रोजचा इनहेलर बंद करू नये.

दमा आहे म्हणून मुलांना खेळापासून दूर ठेवण्याचेही कारण नाही. दमा आटोक्यात असेल तर चालणे, पोहणे, सायकल, शेतातले काम सगळे जमते. सुरुवात हळूहळू करावी, धुळीच्या कामात नाक-तोंड झाकावे आणि तातडीचा इनहेलर जवळ ठेवावा. तो घेऊनही दम कमी होत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अंधश्रद्धेपेक्षा बुद्धीवर विश्वास ठेवा, हे आगरकर आयुष्यभर सांगत राहिले. दम्याच्या बाबतीत तो सल्ला आज प्रत्यक्ष जीव वाचवू शकतो.