विष्णुपंत छत्रे

सर्कस म्हटली की परदेशी नावे आठवतात. पण हिंदी सर्कशीचा पाया घातला तो विष्णुपंत मोरेश्वर छत्रे या मराठी गृहस्थाने. ग्वाल्हेरीस त्यांनी दोन विद्या संपादन केल्या : बाबासाहेब आपट्यांकडून अश्वविद्या आणि हद्दूखाँकडून गाणे. मुंबईत चिअरिनीची इटालियन सर्कस पाहून आपणही असा खेळ उभारावा, असे त्यांच्या मनाने घेतले. २० मार्च १८८० रोजी त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला प्रयोग झाला.

खेळ सुरू करणे एकवेळ सोपे. तो चालवायचा तर कसलेली माणसे हवीत, आणि ती आयती मिळत नसत. दौऱ्यात तेल्लिचेरीस व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन भेटले. कसरतपटू तयार करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९०१ मध्ये चिरक्करा येथे त्यांची सर्कस-शाळा निघाली आणि पुढे केरळी कलावंतांनी देशभरचे तंबू गाजवले.

विष्णुपंतांनी माणसे जपलीही. विपन्नावस्थेत भटकणाऱ्या गुरुपुत्र रहिमतखाँना त्यांनी जवळ आणून सांभाळले. ते थोर गाणे महाराष्ट्राला लाभले ते त्यामुळेच.

आपल्याकडे मंडळे उत्साहाने निघतात आणि दुसऱ्या वर्षी बंद पडतात. शिकवणारा आणि सांभाळणारा मिळाला तरच ती टिकतात.