गे-ल्युसॅक : आग रोखणारे क्षार, धुरातले विष

जोसेफ लुई गे-ल्युसॅक हे नाव शाळेत वायूंच्या नियमापुरते भेटते. आगीपासून माणूस वाचवण्याच्या शास्त्रातही त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी फ्रान्समधील एका लहान गावात झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांना अटक झाली. पुढे पॅरिसमध्ये शिकून ते रसायनशास्त्रज्ञ झाले. १८०४ मध्ये हवेचे नमुने आणण्यासाठी ते बलूनमधून एकटेच सुमारे ७००० मीटर उंच गेले. १८०८ मध्ये पोटॅशियमच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, तरी प्रयोग थांबले नाहीत.

त्या काळी नाट्यगृहांत उजेड ज्योतींचाच असे. पडदा पेटला की अनर्थ. राजा अठराव्या लुईने यावर उपाय शोधण्याचे काम गे-ल्युसॅक यांच्यावर सोपवले. अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात भिजवलेले कापड भडकत नाही, हे त्यांनी १८२१ मध्ये दाखवले.

फॉस्फरसचा तो गुण आजही कामी येतो. फ्रिजच्या भिंतीत आणि शीतगृहाच्या पॅनेलमध्ये कडक पॉलियुरेथेन फोम, म्हणजे ‘पफ’ असतो. पॅनेलसारख्या बांधकामाच्या फोममध्ये बहुधा फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळतात. उष्णता लागताच फोमवर कोळशासारखा थर धरतो आणि आतला भाग उशिरा पेटतो.

उशिरा पेटतो, पण मोठ्या आगीत जळतोच. या फोममध्ये नायट्रोजन असतो. त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही येतो. हे विष १८११ मध्ये शुद्ध रूपात मिळवले तेही गे-ल्युसॅक यांनीच. १८१५ मध्ये त्याची घडणही त्यांनी उलगडली. सायनाइडमुळे रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. डोके दुखते, चक्कर येते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते.

९ मे १८५० रोजी गे-ल्युसॅक यांचे निधन झाले. त्यांच्या दोन्ही शोधांचा धडा एकच : अग्निरोधक द्रव्य आग विझवत नाही, बाहेर पडायला थोडा वेळ मिळवून देते. तो वेळ सामान गोळा करण्यात घालवू नये. धुरातून खाली वाकून, जिन्याने बाहेर पडावे. धूर छातीत गेला असेल तर अंगावर भाजल्याची खूण नसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.