रॉबर्ट गिल : जळालेली चित्रे, उरलेली छायाचित्रे

मराठी वाचकाच्या मनात रॉबर्ट गिल या नावाभोवती जे वलय आहे, ते प्रामुख्याने न. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने निर्माण केले. गिल आणि पारो यांची प्रीती, लेण्यांतील एकाकी साधना आणि आयुष्यभराच्या श्रमांची झालेली राख, अशी या जीवनाची प्रतिमा रूढ झाली. २०१२ मध्ये आलेल्या नितीन चंद्रकांत देसाई यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाने ती अधिकच दृढ केली. चिमूर परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत हे काव्य वाचताना मात्र एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : चित्रे जळाली, तर गिलचे मागे उरले काय? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या छायाचित्रांत आहे. ज्या कामासाठी त्याची नेमणूक झाली होती ते बहुतांशी नष्ट झाले आणि जे काम त्याने जोडीने केले ते टिकले. प्रस्तुत लेखात या विपर्यासाच्या अनुषंगाने त्याच्या जीवनाचा आढावा घ्यावयाचा आहे.

गिलचा जन्म १८०४ मध्ये लंडन येथे झाला. तरुण वयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला. सैनिकी पेशा असला तरी चित्रकलेत त्याला उत्तम गती होती आणि तीच पुढे त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली होती. परंतु त्यांतील भित्तिचित्रांच्या रक्षणाची निकड प्रथम प्रकर्षाने मांडली ती स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने. रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे १८४३ मध्ये त्याने वाचलेल्या निबंधामुळे कंपनीचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले आणि १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर गिलची नेमणूक झाली. त्या वेळी त्याचे वय चाळीस वर्षांचे होते. उरलेले आयुष्य त्याने याच परिसरात घालविले.

अजिंठा गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेथील बारादरीत गिलचा मुक्काम असे आणि तेथून तो वाघूर नदीच्या वळणावर कोरलेल्या लेण्यांकडे जाई. आतला अंधार, ओल, वटवाघळे, मधमाश्यांची मोहोळे आणि रानातील श्वापदे यांना तोंड देत त्याने भित्तिचित्रांच्या मूळ आकाराएवढ्या तैलप्रतिकृती रंगविल्या. पंचविसाहून अधिक भव्य पट अशा रीतीने सिद्ध झाले. याच काळात पारो त्याच्या जीवनात आली. २३ मे १८५६ रोजी तिचे निधन झाले. अजिंठा गावातील तिच्या समाधीवरील शिळेवर ही तारीख आणि गिलच्या तिच्याविषयीच्या प्रेमाची नोंद आहे. काव्याने जिला अमर केले, त्या स्त्रीचा समकालीन पुरावा एवढ्या मोजक्या अक्षरांत सामावलेला आहे, हे साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

गिलच्या प्रतिकृती लंडनला पाठविण्यात आल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या प्रदर्शित झाल्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या वास्तूला आग लागली आणि प्रदर्शनात नसलेले काही थोडे पट वगळता सर्व भस्मसात झाले. तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. असे असूनही त्याने पुन्हा कुंचला हाती घेतला, ही गोष्ट त्याच्या निष्ठेची साक्ष देते. १० एप्रिल १८७९ रोजी त्याचे निधन झाले. भुसावळ येथे त्याची कबर आहे. त्याच्यामागून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्याचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. सुरक्षित राहाव्यात म्हणून दूर नेलेल्या प्रतिकृती दोनदा जळाल्या आणि ज्यांच्या नाशाच्या भीतीने हा उद्योग आरंभिला गेला ती भित्तिचित्रे, झिजलेली का होईना, आपल्या जागी राहिली.

गिलच्या छायाचित्रणाची कथा याहून वेगळी आहे. क्रिस्टल पॅलेसच्या आगीपूर्वी दोन वर्षे, म्हणजे १८६४ मध्ये, त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. एकात शैलगृहांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती. दुसऱ्यात स्टिरिओस्कोपमधून पाहावयाची शंभर जोडछायाचित्रे होती आणि त्यांचा विषय पश्चिम भारतातील स्थापत्य व निसर्गसृष्टी असा व्यापक होता. दोहोंना फर्ग्युसनचे विवेचन जोडलेले होते. वऱ्हाडातील लोणार येथील दैत्यसूदन मंदिराचेही त्याने छायाचित्रण केले. पुस्तकांच्या अनेक प्रती निघाल्यामुळे एका आगीत ही सामग्री संपुष्टात येणे शक्य नव्हते. तैलचित्र एकच असते. छायाचित्राचे जीवित त्याच्या प्रतींत विखुरलेले असते.

येथे तंत्राची एक मर्यादाही विचारात घ्यावी लागते. त्या काळच्या काचपट्टीला भरपूर प्रकाश लागे. शिवाय निळा रंग तिच्यावर चटकन उमटे, तर तांबडा व पिवळा जवळजवळ काळे उतरत. अजिंठ्याची भित्तिचित्रे अंधारात आहेत आणि त्यांत गेरूचा व पिवळ्या मातीचा वापर विपुल आहे. त्यामुळे जे टिपण्यासाठी गिल तेथे राहत होता, तेच टिपण्यास कॅमेरा असमर्थ होता. तो साहजिकच उजेडाकडे वळला : दर्शनी भाग, स्तंभ, प्रांगणे, मंदिरे. परिणामी दुरुस्तीपूर्वीची लेणी, ढासळलेले दगड आणि वाढलेली झुडपे यांची नोंद होऊन गेली. काही छायाचित्रांत स्तंभांच्या पायाशी माणसे बसलेली आहेत. वास्तूचे प्रमाण कळावे एवढाच त्यांचा उपयोग. परंतु आज त्यांची वस्त्रे आणि बसण्याची ढब हीच सामाजिक इतिहासाची साधने होत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

अशा अनुषंगिक नोंदींचे मोल किती असते, हे अजिंठ्याच्याच एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या लेण्याच्या दर्शनी भागापुढे पूर्वी स्तंभयुक्त मंडपी होती. १८८० च्या दशकातील छायाचित्रांत ती अर्धवट उभी दिसते. पुढे ती पूर्णपणे कोसळली आणि तिचे कोरीव अवशेष निष्काळजीपणे उतारावरून नदीकडे लोटले जाऊन नाहीसे झाले. छायाचित्रकाराला काही कोसळणाऱ्या मंडपीची साक्ष नोंदवावयाची नव्हती. ती केवळ कॅमेऱ्यासमोर होती.

चरित्रलेखनात आपण बहुधा व्यक्तीच्या हेतूंचा मागोवा घेतो. गिलच्या बाबतीत हेतूचा मागोवा घेतला, तर हाती येते ती शोकांतिका, आणि काव्याला ती पुरेशी आहे. इतिहासाला मात्र त्याने सहज करून ठेवलेल्या कामाचाही हिशेब करावा लागतो. काव्यातील गिल आणि दप्तरातील गिल हे परस्परांचे खंडन करीत नाहीत; दोघांना एकत्र ठेवल्याखेरीज तो पुरता कळत नाही.

ही दृष्टी आपल्या परिसरासही लागू पडते. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे चिमूरचे नाव देशाच्या इतिहासात गेले. त्या उठावाचा अभ्यास आपण आठवणी आणि न्यायालयीन कागदपत्रे यांच्या आधारे करतो. परंतु त्या पिढीने पाहिलेले गाव, म्हणजे रस्त्याची रुंदी, कौलारू घरे, बालाजी मंदिराभोवतीचा मोकळा परिसर, हे एखाद्या लग्नाच्या किंवा घोडायात्रेच्या जुन्या छायाचित्राच्या कडेला उमटलेले असू शकते. अशी छायाचित्रे घरोघरी भिंतींवर आणि पेट्यांत आहेत. ओल आणि वाळवी यांना क्रिस्टल पॅलेसच्या आगीची गरज नसते. विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, पाठीमागे लिहिलेला मजकूर उतरवून घ्यावा आणि घरातील वृद्धांना विचारून त्यांतील माणसांची नावे नोंदवावीत. गिलच्या छायाचित्रांतील स्तंभांपाशी बसलेल्या माणसांसाठी आता हे करता येत नाही.