कारखान्याचा धर्म : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही निवडलेले चरित्र आपल्या ज्ञातीतील पुरुषाचे नाही, आपल्या भंडारा जिल्ह्यातील तर नाहीच नाही. तरीही ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्यास सबळ कारण आहे. पितळी भांड्यांचे कारखाने, धानाच्या गिरण्या, कोशाचे माग आणि विड्यांचा धंदा यांवर आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पोसली गेली. कोणी मालक म्हणून, कोणी कामगार म्हणून. काम देताना माणसात काय पाहावे, हा प्रश्न अशा घरांना नित्याचाच होय.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग ओळखता येत नसल्यामुळे त्यांना यांत्रिक आरेखनाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा मानी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावी वडीलबंधू रामूअण्णांसमवेत सायकलींचे दुकान चालविले. त्यातूनच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळील बत्तीस एकर माळावर, निवडुंग आणि सापांच्या राज्यात, किर्लोस्करवाडी वसली.

जन्मामुळे डावलले जाण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने त्या दुःखाचा सूड उगविला नाही, त्याचा नियम केला, असे आम्हांस वाटते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. परीक्षेत अपयश आलेल्या के. के. कुलकर्णींनाही तेथे वाव मिळाला. तुरुंगवास भोगून आलेल्यांवर लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा विश्वासाने सोपविला. वाडीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. विश्वास आणि समता ही त्यांच्या घरातील व्रते अशा रीतीने कारखान्याचा परिपाठ झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

ज्ञातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आपणांस हे चरित्र थोडे अवघड वाटेल, वाटावयासच हवे. गरजू ज्ञातिबांधवास हात देणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु आपल्या कारखान्याच्या वा दुकानाच्या दारात उमेदवार उभा राहिला असता आपण प्रथम त्याचे आडनाव विचारतो की हातातील कसब पाहतो, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपापल्या मनाशी द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती.