थोर ज्योतिर्विद बेसेल



महाशिवरात्रीच्या दिवसांत गंगातलावाच्या वाटेने रात्री चालताना डोक्यावर, जवळजवळ मध्यावर, एक पांढराशुभ्र तारा झळकत असतो. तो व्याध. त्याला एक जोडीदार तारा आहे, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीतून तो पहिल्यांदा दिसला इ. स. १८६२ मध्ये. मात्र तो तेथे आहे हे अठरा वर्षे आधीच एका जर्मन गणितज्ञाने सांगून ठेवले होते. त्यांचे नाव फ्रीड्रिख विल्हेल्म बेसेल.

बेसेल यांचा जन्म २२ जुलै १७८४ रोजी मिंडेन या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत, पगार थोडा आणि घरात नऊ मुले. शाळेत लॅटिन भाषेचा कंटाळा आला म्हणून मुलाने शाळा सोडली आणि चौदाव्या वर्षी तो ब्रेमेन बंदरातील एका व्यापारी पेढीवर उमेदवारीला लागला. करार सात वर्षांचा आणि तोही बिनपगारी! पेढीचा माल जहाजांनी परदेशी जाई. जहाजावरचा माणूस भर समुद्रात आपली जागा ताऱ्यांवरून कशी ओळखतो, हे समजून घ्यावे म्हणून बेसेल रात्री पुस्तके घेऊन बसू लागले. त्यातून ते आकाशाकडे वळले, ते कायमचे. विसाव्या वर्षी त्यांनी १६०७ सालच्या जुन्या नोंदींवरून हॅलेच्या धूमकेतूची कक्षा काढली आणि ते कागद ब्रेमेनमधील डॉक्टर ओल्बर्स यांना दाखवले. ओल्बर्स दिवसा रोगी तपासत आणि रात्री धूमकेतू शोधत. त्यांनी या तरुणाची योग्यता ओळखली. १८०६ मध्ये पेढीवरचा चांगला पगार सोडून बेसेल एका खाजगी वेधशाळेत तुटपुंज्या वेतनावर गेले आणि पंचविसाव्या वर्षी प्रशियाच्या राजाने त्यांना क्योनिग्सबर्ग येथील नव्या वेधशाळेचे प्रमुख नेमले. हे शहर आज कालिनिनग्राड नावाने रशियात आहे. पदवी नसल्यामुळे तेथे अडचण आली, तेव्हा गाउस या महान गणितज्ञाच्या शिफारशीवरून गटिंगेन विद्यापीठाने त्यांना परीक्षेवाचून डॉक्टर केले. पुढची छत्तीस वर्षे ते त्याच वेधशाळेत राहिले.

त्या काळी ज्योतिर्विदांपुढे मोठा प्रश्न होता तो ताऱ्यांच्या अंतराचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तर जवळचा तारा सहा महिन्यांनी किंचित सरकलेला दिसला पाहिजे. आगगाडीतून जवळचे झाड सरकते आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही, तसेच हे. पण तारे हजारो, आणि मोजायचे कोणाला? पुष्कळांची समजूत होती की जो तेजस्वी तो जवळचा. बेसेल यांनी वेगळी खूण धरली. जो तारा आकाशात स्वतःहून भराभर पुढे सरकतो, तो जवळचा असला पाहिजे. हंस तारकासमूहात ६१ क्रमांकाचा एक अंधुक तारा आहे. इटलीच्या पियाझ्झी यांनी त्याची चाल आधीच टिपली होती: वर्षाला पाच विकलांहून जास्त. शिवाय ते जोडतारे आहेत आणि त्या दोघांत दिसणारे अंतर बरेच आहे, हीही जवळिकीची खूण. क्योनिग्सबर्गहून हा तारा कधी मावळत नाही आणि त्याच्या आसपास तुलनेला लहान तारेही आहेत. माझ्या मते बेसेल यांची खरी बुद्धी या निवडीत दिसते. मोजणी तर त्यानंतरची.

मोजणी मात्र सोपी नव्हती. १८१५-१६ मधला त्यांचा पहिला प्रयत्न फसला. पुढे फ्राउनहोफर यांच्या कारखान्यातले नवे यंत्र १८२९ मध्ये आले. त्याचे भिंग मधोमध कापून दोन अर्धे केले होते. एक अर्धे सरकवत एका ताऱ्याची प्रतिमा शेजाऱ्याच्या प्रतिमेवर आणायची, आणि किती सरकवले त्यावरून दोघांतला कोन काढायचा. १८३७ च्या ऑगस्टपासून वर्षभराहून अधिक काळ बेसेल रात्री-रात्री हेच करीत राहिले. १८३८ मध्ये उत्तर आले: ०.३१४ विकला. हा कोन किती लहान? पोर्ट लुई येथे ठेवलेला आपला एक रुपयाचा बंदा क्यूरपीपहून पाहावा इतका! त्यावरून अंतर निघाले सुमारे १० प्रकाशवर्षे. आजचा आकडा ११.४ आहे. एखाद्या ताऱ्याचे अंतर सर्वांना पटेल असे मोजले गेले ते हे पहिले.

या आकड्याचा दुसरा एक अर्थ विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. त्या ताऱ्यावरून कोणी आपल्याकडे पाहिले, तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यात त्याला जास्तीत जास्त तेवढाच कोन दिसेल. तारा जितका दूर, तितका ग्रह त्याच्या झगझगाटाला चिकटलेला. आज इतर ताऱ्यांभोवती सहा हजारांहून अधिक ग्रह सापडले आहेत, पण पृथ्वीसारख्या ग्रहाचे प्रत्यक्ष छायाचित्र घ्यायचे तर प्रथम जवळचेच तारे निवडावे लागतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने पुढच्या मोठ्या अवकाश दुर्बिणीसाठी २०२३ मध्ये अशा १६४ ताऱ्यांची यादी केली.

१८४० मध्ये बेसेल यांचा तरुण मुलगा वारला. त्याच वर्षी, प्रजापती ग्रहाच्या चालीतला फरक तपासण्यासाठी नेमलेला सहाय्यकही गेला. त्या फरकामागे न दिसणारा ग्रह असावा, असे बेसेल यांना वाटत होते. ते काम अर्धवट राहिले. तरी १८४४ मध्ये त्यांनी जाहीर केले की व्याध आणि प्रश्वा हे तारे सरळ न जाता नागमोडी जातात, म्हणून प्रत्येकाला एक अदृश्य सोबती असला पाहिजे. दिसत नाही म्हणून नाही, हे त्यांना मान्य नव्हते. १७ मार्च १८४६ रोजी दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले. सहाच महिन्यांनी वरुण ग्रह सापडला. व्याधाचा सोबती १८६२ मध्ये अमेरिकेत नवे भिंग तपासताना दिसला, प्रश्वाचा १८९६ मध्ये.

याच युक्तीने पुढे फसगतही झाली. १९४३ मध्ये हंसातल्या त्याच ६१ क्रमांकाच्या ताऱ्याला मोठा ग्रह असल्याचे जाहीर झाले, पण नंतरच्या मोजणीत तो टिकला नाही. इतक्या बारीक कोनात यंत्राचा दोषसुद्धा ग्रहासारखा दिसू शकतो. आता गाया यानाने केलेल्या मोजणीमुळे ही जुनी रीत पुन्हा कामाला आली आहे.

तारा पाहायचा असेल तर सप्टेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करा. क्षितिजापासून आकाशाच्या सुमारे एक तृतीयांश उंचीवर हंस दिसेल. ६१ क्रमांक फार मंद आहे. गावातील दिव्यांपासून दूर, चंद्र नसलेल्या रात्री जावे, आणि साधी दुर्बीण असली तर दोन नारिंगी ठिपके वेगळे दिसतात.