हर्मान एबिंगहाउस : स्वतःवरच प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ

मानसशास्त्राच्या पदवी वर्गाला शिकवताना मला दर वर्षी एक गोष्ट जाणवते. विद्यार्थ्यांना प्रयोगाचा निष्कर्ष हवा असतो, परंतु त्याची पूर्वतयारी नको असते. मुख्य प्रयोगाआधी लहान प्रमाणावर पूर्वचाचणी घ्या म्हटले की ती त्यांना वेळेचा अपव्यय वाटते. अशा वेळी मला हर्मान एबिंगहाउसचे चरित्र आठवते. क्रमिक पुस्तकात त्याच्या वाट्याला एक आलेख आणि चार ओळी येतात. मला मात्र त्या आलेखामागचा माणूस अधिक मोलाचा वाटतो.

एबिंगहाउसचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी जर्मनीतील बार्मेन येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्यात होता. १८७३ मध्ये बॉन विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवल्यावर काही वर्षे तो इंग्लंड-फ्रान्समध्ये राहिला. त्या काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला फेक्नरचा मनोभौतिकीवरील ग्रंथ मिळाला, असे सांगतात. संवेदना मोजता येते, तर स्मृती का नाही, हा प्रश्न त्याने मनाशी धरला. उच्च मानसिक प्रक्रियांवर प्रयोग होऊ शकत नाहीत, असे त्या काळी वुंट यांच्यासारखे अधिकारी विद्वान मानत होते. एबिंगहाउसपाशी तर ना प्रयोगशाळा होती, ना साहाय्यक, ना प्रयुक्त. म्हणून प्रयोगकर्ताही तोच झाला आणि प्रयुक्तही तोच!

परिचित शब्दांशी प्रत्येकाच्या आठवणी निगडित असतात. म्हणून त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २३०० शब्दावयव बनवले. घड्याळाच्या ठोक्यावर, मिनिटाला १५० या गतीने, तो त्यांच्या याद्या वाचून पाठ करी. पाठांतराच्या वेळा ठरलेल्या असत आणि त्या काळात दिनचर्याही शक्य तितकी एकसारखी ठेवलेली असे. काही काळाने तीच यादी तो पुन्हा पाठ करी आणि पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला ते मोजी. हीच ‘बचत पद्धत’. वरवर सारे विसरल्यासारखे वाटले तरी मनात काही शिल्लक असते, हे तिच्यामुळे आकड्यांत दाखवता आले. सुमारे २० मिनिटांनी बचत ५८ टक्के, तासाने ४४, दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के भरली. विस्मरण प्रारंभी वेगाने होते, पुढे मंदावते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी आणखी एक आकडा ध्यानी ठेवावा : एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांपेक्षा तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्या त्याला अधिक फलदायी ठरल्या.

मला विशेष वाटते ते पुढेच. पहिले प्रयोग १८७९-८० मध्ये झाले. परंतु ते ग्रंथरूपाने छापण्याची त्याने घाई केली नाही. १८८३-८४ मध्ये त्याने ते कंटाळवाणे काम पुन्हा हाती घेतले, आकडे पडताळले, नवे प्रयोग जोडले आणि मग १८८५ मध्ये स्मृतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःच्या अपेक्षेची छाया निष्कर्षावर पडू शकते, हा धोकाही त्याने त्यात उघडपणे चर्चिला.

१८९४ मध्ये बर्लिनचे प्राध्यापकपद त्याला न मिळता कार्ल श्टुम्फ यांना मिळाले. एबिंगहाउस ब्रेस्लाऊला गेला. तेथे शाळकरी मुलांच्या बौद्धिक थकव्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याने गाळलेल्या जागा भरण्याची कसोटी तयार केली व १८९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९०५ मध्ये तो हालेला गेला आणि २६ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूमोनियाने तेथेच वारला. एकाच माणसावरचे प्रयोग सर्वांना लागू कसे करावेत, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही २०१५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी त्याच्याच पद्धतीने एका व्यक्तीवर प्रयोग केला, तेव्हा आलेला वक्र त्याच्या वक्राशी बराच जुळला.

आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांना तर पूर्वचाचणीची गरज अधिकच आहे. ‘गिड’ हा शब्दावयव मराठी विद्यार्थ्याला निरर्थक वाटेल. पण शेजारच्या बाकावरील कन्नड मैत्रिणीला तो ऐकताच झाडरोप दिसेल. ज्या यादीत तो राहिला, ती दोघांसाठी सारखी कठीण नव्हे. मग आपण स्मृती मोजली की मातृभाषा? हे मुख्य प्रयोगानंतर कळून उपयोग नाही. आधी चार मराठी व चार कन्नड भाषकांना यादी वाचून दाखवावी आणि प्रत्येक शब्दावयवाने काही आठवते का, ते विचारावे. त्याला एक दुपार पुरते. एबिंगहाउसने खात्री करून घेण्यासाठी वर्षे घालवली. आपण एक दुपार तरी द्यायला हवी.