धर्मानंदांचे पन्नास रुपये

जून उजाडला की महाबळेश्वरची बाजारपेठ ताडपत्र्यांआड जाते. घोडेवाले, टॅक्सीवाले, मधविक्रेते या साऱ्यांना हंगामाची मिळकत पाऊसभर पुरवावी लागते. वर्गात बचतीचा विषय निघाला म्हणजे प्रस्तुत लेखक पाठ्यपुस्तकाबरोबरच दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचा दाखला देतो. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगावा, दोन व्यवसायात घालावेत व चौथा अडीअडचणीसाठी राखावा, हा हिशेब बुद्धाने एका गृहस्थपुत्रास सांगितल्याचे तेथे नमूद आहे. विद्यार्थी चकित होतात. बुद्ध म्हणजे मिटल्या डोळ्यांची मूर्ती, एवढाच त्यांचा परिचय असतो.

हे पाली वाङ्मय मराठी वाचकाच्या दारी आणण्याचे श्रेय प्रामुख्याने धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने जी ओढ घेतली, ती सुटली नाही. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. भांडारकरांचे साह्य मिळाले, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन झाले. पुढे नेपाळ, गया असे करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पाली शिकून दीक्षा घेतली. नंतर ब्रह्मदेशही पाहिला.

या ज्ञानयात्रेचे कौतुक करताना एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. घर सोडले तेव्हा त्यांची कन्या तान्ही होती. जवळजवळ सात वर्षे पत्नी व मूल यांचा भार इतरांनी वाहिला. ज्या सिगालोवाद सुत्तात पतीची कर्तव्ये एकेक करून सांगितली आहेत, त्याच्या अभ्यासकाच्या चरित्रात हा विरोध आहेच. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी आपले गृहत्यागाचे वर्तन झाकलेले नाही, ही त्यांची सचोटी. पण त्यामुळे पत्नीचे एकटेपण कमी ठरत नाही.

१९०६ साली ते परतले व कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथे विद्यापीठाची चांगल्या पगाराची नोकरी असता त्यांनी १९०८ साली ती सोडली आणि सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. अट एवढीच की, महाराष्ट्रात राहून लेखन करावे. अर्थशास्त्राच्या रूढ चौकटीत हा व्यवहार बसवणे कठीण! या निर्णयाचे फळ म्हणून 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह' आणि पुढे 'भगवान बुद्ध' ही पुस्तके मराठीस लाभली. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीच्या अध्यापनाचा पाया घातला. 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्डला अनेक फेऱ्या झाल्या, रशियाही पाहून झाला, १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही घडला.

कोसंबींना समाजवादाचे आकर्षण होते. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजास सांगतो की, चोऱ्या शिक्षेने थांबत नाहीत. शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन द्यावे. ज्यांना हे ग्रंथ केवळ परलोकाचे वाटतात त्यांनी हा भाग अवश्य वाचावा. सिगालोवादातही धन्याने सेवकास झेपेल एवढेच काम द्यावे, आजारात शुश्रूषा करावी व वेळोवेळी सुटी द्यावी, असे आहे. आमच्या हॉटेलांतील पोरांना यांतले किती मिळते, हे पर्यटकांनी एकदा विचारून पाहावे. स्वतः कोसंबींनी १९३७ साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत 'बहुजन विहार' उभा केला तो यामुळेच.

वार्धक्यात शरीर दुबळे झाले तेव्हा इतरांवर ओझे होऊ नये म्हणून त्यांनी अन्नत्याग आरंभिला. गांधीजींच्या आग्रहाने तो एकदा थांबवला, पण निश्चय बदलला नाही. अखेर सेवाग्राम येथे सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. दहन व दफन यांपैकी ज्यास खर्च कमी, ते करावे, एवढीच त्यांची सूचना होती.